माइकचा आवाज कुठे अडतो?

“आवाज फार बारीक येतोय, जरा मोठ्यानं बोला.” लॅपटॉपवर लिनक्स टाकलेल्या माणसाला ऑनलाइन तासात, मुलाखतीत नाहीतर बँकेच्या व्हिडिओ केवायसीत हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागतं. तो घसा ताणून बोलायला लागतो, तरी पलीकडच्याला जिवाचा कान करावा लागतो. घरातले म्हणतात, नेट गेलं. दुकानदार म्हणतो, माइक गेला. ओळखीतला एखादा जाणता म्हणतो, “ते लिनक्स काढ आणि विंडोज टाक.” या तिन्ही निदानांत बहुतेक वेळा तथ्य नसतं. नेट खराब असलं की आवाज तुटतो, घोगरा होतो, उशिरा पोचतो. एकसारखा बारीक होत नाही. माइक निकामी झाला तर सहसा काहीच ऐकू येत नाही. शब्द न् शब्द कळतोय पण आवाज क्षीण आहे, अशी तक्रार असेल तर आवाज लॅपटॉपच्या आतच एखाद्या ठिकाणी दाबला जातोय, असं समजावं. ती जागा शोधता येते, आणि तिथली दुरुस्ती फुकटात होते.

हा प्रश्न आता मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. दौंड तालुक्यातलं केडगाव घ्या (नगरला लागून असलेलं केडगाव वेगळं). पुणे–दौंड लोहमार्गावरचं स्टेशन, जवळच सोलापूर महामार्गावरचा चौफुला, भोवताली ऊस आणि गुऱ्हाळं. पुण्यातल्या कंपन्यांनी काढून टाकलेले जुने लॅपटॉप अशा गावांत स्वस्तात येतात आणि कॉलेजच्या पोरापोरींच्या हाती पडतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ज्यांच्यावर चढत नाही अशा मशीनना तेव्हापासून उबुंटू, लिनक्स मिंट, डेबियन यांसारख्या लिनक्सचा आसरा आहे. ही मशीन लिनक्सवर झकास चालतात. वायफाय लागतं, कॅमेरा दिसतो, गाणी वाजतात, आणि माइकपाशी घोडं पेंड खातं.

असं का होतं? विंडोजमध्ये लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर बहुतेकदा त्या मॉडेलच्या माइकला किती जोर लावायचा हे आधीच ठरवून देतो. लिनक्सला ते कुणी सांगितलेलं नसतं. मग तो सावध राहतो आणि आवाज खालच्या पातळीवर ठेवतो, कारण सुरुवातीलाच जोर लावला तर शिट्टी आणि खरखर येण्याचा धोका असतो. ही अडचण सावधगिरीतून येते, दोषातून नाही.

आता आवाजाची वाट बघू. तोंडातून निघालेला आवाज हवेतून स्क्रीनच्या कडेला असलेल्या टाचणीच्या टोकाएवढ्या छिद्रात शिरतो. आतला माइक त्याची अगदी क्षीण वीज करतो, फार तर काही मिलिव्होल्ट. साउंडच्या चिपमधला वर्धक ती वाढवतो, त्यानंतरचा भाग तिचे आकडे करतो. हे आकडे लिनक्सच्या गाभ्यातल्या ‘अल्सा’ या थराकडे जातात, तिथून ‘पल्सऑडिओ’ किंवा ‘पाइपवायर’ या दुसऱ्या थराकडे, तिथून ब्राउझरकडे, आणि ब्राउझर ते नेटवर सोडतो. खडकवासल्याचा मुठा उजवा कालवा दौंडवरून इंदापूरकडे जातो. टेलच्या शेताला पाणी येत नसेल तर जाणता शेतकरी स्वतःच्याच चारीत फावडं मारत बसत नाही. तो वर चालत जातो आणि कुठलं दार अर्धवट पडलंय ते बघतो. माइकचं तंतोतंत असंच आहे. आपण मात्र स्क्रीनच्या कोपऱ्यातली एकच पट्टी उजवीकडे ओढत राहतो.

इतके थर आले कुठून, याला इतिहास आहे. यारोस्लाव्ह किसेला या चेक प्रोग्रामरने १९९८ मध्ये अल्साचं काम सुरू केलं ते ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड नावाच्या साउंडकार्डसाठी. डिसेंबर २००३ मध्ये लिनक्सचा २.६ हा गाभा आला आणि अल्सा त्यातली मुख्य आवाजव्यवस्था झाली. अल्साचं काम चिपशी बोलण्याचं. पण गाणं, व्हिडिओ आणि कॉल एकाच वेळी चालवायचे तर मध्ये कुणीतरी वाटप करणारा हवा होता. त्यासाठी लेनार्ट पोटरिंगने २००४ मध्ये पल्सऑडिओची सुरुवात केली. पुढे विम टायमन्सने पाइपवायर लिहिलं. २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने ते आवाजासाठी स्वीकारलं, उबुंटूने २०२२ मध्ये २२.१० या आवृत्तीपासून. प्रत्येक थराची स्वतःची पट्टी आहे, स्वतःचं ‘म्यूट’ आहे. एका थरात शंभर टक्के दिसतं आणि खालच्या थरात दार बंद असतं, ते यामुळे.

दुरुस्तीला हात घालण्याआधी एक चाचणी करायची आणि ती नेटशिवाय करायची. लॅपटॉपमधलं साधं साउंड रेकॉर्डर उघडा, नेहमीच्या जागी बसून नेहमीच्या आवाजात दोन-चार वाक्यं बोला आणि इअरफोन लावून ऐका. रेकॉर्डिंग खणखणीत असेल तर अल्सा, चिप, माइक सगळं ठीक. गडबड ब्राउझरमध्ये किंवा कॉलच्या अ‍ॅपमध्ये आहे. रेकॉर्डिंगच क्षीण असेल तर ब्राउझरला हात लावण्यात अर्थ नाही. एवढ्या एका चाचणीने निम्मं काम होतं. ‘ऑडॅसिटी’ हे मुक्त सॉफ्टवेअर जवळ असेल तर आणखी चांगलं, कारण त्यात आवाजाची उंची डोळ्यांना दिसते. बोलताना लाटांची टोकं उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान पोचायला हवीत. शून्याला भिडली तर आवाज फाटतो. उणे ४० च्या आसपास घुटमळत असतील तर तुमची तक्रार खरी आहे.

डेसिबलचा हिशेब एकदा समजून घेतला की पुढचं सोपं जातं. ६ डेसिबल वाढले की लाटेची उंची दुप्पट होते, २० वाढले की दहापट, ४० वाढले की शंभरपट. म्हणजे उणे ४० वर घुटमळणारा आवाज शक्य त्या उंचीच्या शंभराव्या भागाएवढाच आहे. पट्टी थोडी पुढेमागे करून एवढी तूट भरून निघत नाही, ती यामुळे.

रेकॉर्डिंगच क्षीण निघालं तर टर्मिनल उघडावं. टर्मिनलच्या काळ्या खिडकीला पुष्कळ लोक बिचकतात, पण इथे टाइप करायचा आहे एकच शब्द: अल्सामिक्सर, इंग्रजीत, छोट्या अक्षरांत, सलग. एंटर दाबलं की उभ्या पट्ट्यांचा पडदा येतो. बरेच जण इथेच चकतात. पहिल्या पडद्यावर दिसतं ते वरच्या थराचं एक सोंग, एक-दोन पट्ट्यांचं, आणि त्या आधीच भरलेल्या दिसतात. ‘इथे तर सगळं फुल आहे’ म्हणत माणूस खिडकी बंद करतो. एफ-६ दाबायचं. कार्डांची यादी येते; त्यातलं एचडीए इंटेल किंवा चिपचं नाव असलेलं कार्ड निवडायचं. एचडीएमआयचं कार्ड टीव्हीसाठी असतं, ते नको. मग एफ-४ दाबायचं, म्हणजे फक्त आत येणाऱ्या आवाजाच्या पट्ट्या उरतात.

आता नीट बघा. ‘कॅप्चर’ नावाची पट्टी असेल, तिच्याखाली लाल अक्षरांत कॅप्चर असा शब्द आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एल आणि आर. तो शब्द दिसत नसेल तर दार बंद आहे. स्पेसबार दाबला की उघडतं. तिच्या शेजारी ‘इंटर्नल माइक बूस्ट’ नावाची पट्टी बहुतेकदा तळाला शून्यावर पडलेली सापडते. उजव्या बाणाने तिच्यावर जा आणि वरचा बाण एकदा दाबा. वरच्या ओळीत डेसिबलचा आकडा ०.०० वरून १०.०० होतो. पुन्हा दाबलं की २०.००, आणखी एकदा दाबलं की ३०.००. या बूस्टला अधल्यामधल्या पायऱ्या नसतात. काही चिपमध्ये पायरी १२ डेसिबलची असते, इतकाच फरक. २० वर ठेवून पुन्हा रेकॉर्ड करून बघा. जो आवाज विहिरीतून आल्यासारखा होता तो समोर बसून बोलल्यासारखा होतो, कारण त्याची उंची दहापट झालेली असते. ३० चा मोह टाळावा. त्या पायरीवर पंख्याची घरघर आणि वर्धकाची स्वतःची सळसळही तेवढ्याच जोराने वर येते, आणि कुणी जवळून बोललं तर आवाज फाटतो. बूस्ट १० किंवा २० वर आणि कॅप्चर सत्तर-ऐंशी टक्क्यांवर, एवढ्यात बहुतेक जुन्या लॅपटॉपचं भागतं.

एस्केप दाबून बाहेर या. केलेला बदल टिकावा म्हणून सुडो, मग अल्साकंट्रोलचा आखूड हुकूम (ए-एल-एस-ए-सी-टी-एल) आणि स्टोअर, अशी एक ओळ द्यायची. बऱ्याच लिनक्समध्ये बंद होताना ही नोंद आपोआप होते, तरी स्वतः केलेली बरी.

जोर बूस्टपाशीच का लावायचा, शेवटच्या पट्टीपाशी का नाही, हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. चिप आवाजाचे आकडे करते तेव्हा १६ बिटांच्या मोजणीत सर्वांत मोठा आकडा ३२,७६७ असतो. तुमचा आवाज क्षीण राहिला तर त्याचे आकडे दोनशे-तीनशेपर्यंतच चढतात, आणि चिपच्या आतली विजेची सळसळ कायम असते ती वेगळी. यानंतर कुठल्याही प्रोग्रामने आवाज वाढवला तर तो सगळ्या आकड्यांना एकाच संख्येने गुणतो. आवाज शंभरपट, सळसळही शंभरपट. बूस्टचा वर्धक मात्र आकडे होण्याच्या आधी, माइकच्या विजेवर काम करतो. तुमचा आवाज वाढून मोजणीला येतो; पुढच्या टप्प्यात मिसळणारी सळसळ होती तेवढीच राहते. म्हणून वाढ जितकी उगमाजवळ तितकी स्वच्छ.

यानंतर वरच्या थरात यायचं. ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ नावाचं छोटं सॉफ्टवेअर, लिनक्सवाले ज्याला पावूकंट्रोल म्हणतात, ते बसवून घ्या. मोफत आहे आणि पाइपवायरवरही चालतं. त्यातल्या ‘इनपुट डिव्हायसेस’ या पानावर माइकची पट्टी आहे. ही पट्टी अल्साचं बूस्ट आणि कॅप्चर दोन्ही एकत्र धरून हलवते, त्यामुळे इथे ओढाताण केली की मघाशी लावलेलं बूस्ट बदललेलं दिसू शकतं. घाबरायचं कारण नाही, पुन्हा एकदा बघून घ्यायचं. ही पट्टी शंभर टक्क्यांच्या पुढे १५३ टक्क्यांपर्यंत जाते. शंभरच्या आत चिपमधली वाढ वापरली जाते आणि शंभरच्या पुढे उरतो तो वर सांगितलेला गुणाकार. शेवटचा उपाय म्हणून तो वापरायला हरकत नाही, सुरुवात त्याने करू नये.

याच पानावर ‘पोर्ट’ची यादी असते. इअरफोन लावलाय आणि पोर्ट मात्र आतल्या माइकचं निवडलेलं आहे, असं फार वेळा घडतं. तुम्ही इअरफोनच्या माइकमध्ये बोलत असता आणि लॅपटॉप दोन फुटांवरून ऐकत असतो. इअरफोनच्या पिनवरही नजर टाका. मोबाइलच्या इअरफोनच्या पिनवर तीन काळ्या रेघा आणि धातूचे चार भाग असतात, त्यातला एक माइकचा. काही जुन्या लॅपटॉपना हेडफोनचं आणि माइकचं अशी दोन वेगळी भोकं असतात. तिथे ही चार भागांची पिन लावली तर ऐकू येतं, पण माइक जोडला जात नाही. बाजारात एका पिनेच्या दोन करणारी छोटी वायर मिळते, तिने हा प्रश्न सुटतो. ब्लूटूथ हेडसेट असेल तर त्याचा प्रोफाइल बदलावा लागतो, कारण गाण्यांच्या प्रोफाइलमध्ये माइक बंदच असतो.

आता अशा बिघाडाकडे वळतो की ज्यात भलेभले थकतात. काही लॅपटॉपच्या स्क्रीनवर शेजारी शेजारी दोन माइक असतात आणि चिप दुसऱ्या माइकची लाट उलटी करून देते. पहिल्याची लाट वर जाते त्या क्षणी दुसऱ्याची खाली. नुसतं रेकॉर्डिंग ऐकलं तर फारसं खटकत नाही. कॉलमध्ये मात्र दोन्ही बाजू मिळवून एकच आवाज केला जातो, आणि उलटसुलट लाटा मिळवल्या की बेरीज जवळजवळ शून्य होते. कितीही बूस्ट द्या, शून्याची दहापट शून्यच. ओळखायची खूण अशी: पावूकंट्रोलमध्ये माइकच्या पट्टीशेजारी कुलपाचं चित्र आहे, ते दाबलं की डावी आणि उजवी पट्टी वेगळी होते. उजवी पूर्ण खाली ओढा आणि डावी वर ठेवा. आवाज एकदम उसळी मारून मोठा झाला, तर रोग हाच. पट्ट्या तशाच ठेवल्या तरी काम चालतं. लिनक्सच्या गाभ्यात या दोषासाठी मुद्दाम लिहिलेला तोडगा आहे, आणि काही मॉडेलमध्ये अल्सामिक्सरवर ‘इन्व्हर्टेड इंटर्नल माइक’ असं स्वतंत्र बटणही दिसतं. मला या तोडग्याचं फार कौतुक आहे. बनवताना राहिलेली खोट कुणीतरी दूरवर बसून ओळखली, तिच्यावर काही ओळी लिहिल्या आणि सगळ्यांना देऊन टाकल्या.

नव्या लॅपटॉपचं गणित थोडं वेगळं आहे. त्यांच्यातले माइक डिजिटल असतात. आकडे करण्याचं काम माइकपाशीच सुरू होतं. तिथे अल्सामिक्सरमध्ये बूस्टची पट्टी सापडत नाही आणि ती शोधत बसूही नये. ‘डीमाइक’ किंवा ‘डिजिटल’ अशा नावाची पट्टी असली तर ती वर करावी, नसली तर पावूकंट्रोलमध्ये शंभर टक्क्यांच्या पुढे जायला इथे संकोच नको. या मशीनवर माइक अजिबात दिसतच नसेल तर बहुधा फर्मवेअर कमी पडलंय. इंटेलने २०१८ मध्ये ‘साउंड ओपन फर्मवेअर’ हा प्रकल्प खुला केला. त्याचं पॅकेज बसवून मशीन पुन्हा चालू केलं की माइक यादीत उगवतो. एएमडीच्या काही चिपसाठी लिनक्सच्या गाभ्यात लॅपटॉपच्या मॉडेलांची चक्क नावानिशी यादी आहे. तुमचं मॉडेल यादीत असलं तर आतला माइक जागा होतो, नसलं तर झोपून राहतो. ही यादी वाढत जाते ती वापरणाऱ्यांनी आपल्या मॉडेलचं नाव कळवल्यामुळे. म्हणून अशा लॅपटॉपवर लिनक्सची ताजी आवृत्ती टाकणं हाच पहिला इलाज.

सगळं जुळलं, रेकॉर्डिंग उत्तम, तरी कॉलमध्ये आवाज हळूहळू खचत जातो, अशीही तक्रार असते. इथे हात ब्राउझरचा किंवा कॉलच्या अ‍ॅपचा असतो. त्यांच्यात आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय असते. कुणी मोठ्याने हसलं, टेबलावर हात आपटला, की ती माइकची पट्टी खाली ओढते आणि पुन्हा वर न्यायला वेळ लावते. कॉल चालू असताना पावूकंट्रोल उघडं ठेवलं तर पट्टी आपोआप सरकताना डोळ्यांनी दिसते. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये ‘माइकचा आवाज आपोआप जुळवा’ अशा अर्थाची खूण असेल तर ती काढून टाकायची. पावूकंट्रोलच्या ‘रेकॉर्डिंग’ पानावर त्या अ‍ॅपची स्वतंत्र पट्टी दिसते, तीही बघायची.

गावाकडच्या दोन गोष्टी पुस्तकी माहितीत सापडत नाहीत. एक धूळ. उसाच्या हंगामात रस्त्यावरच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि गुऱ्हाळाचा धूर यांनी माइकचं छिद्र बुजत जातं. कॅमेरा झाकायला लावलेली चिकटपट्टीही कधी कधी नेमकी माइकवर बसते. छिद्र साफ करायला मऊ, कोरडा ब्रश पुरे. टाचणी मुळीच घालू नये आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवाही मारू नये. आतला पडदा इतका नाजूक असतो की दोन्हींनी फाटतो, आणि तो फाटल्यावर कुठलंच बूस्ट कामाला येत नाही. दुसरी गोष्ट अर्थिंग. घरात अर्थिंग नीट नसेल तर चार्जर लावल्यावर माइकमध्ये ५० हर्ट्झची घूंऽऽ शिरते आणि आवाज तिच्याखाली दबतो. चार्जर काढून बॅटरीवर बोलून बघा. घूं थांबली तर माइक सोडून वायरमनला बोलवा. अर्थिंग तसंही जिवाच्या सुरक्षेसाठी हवंच.

आणि सर्वांत स्वस्त उपाय अंतराचा. मोकळ्या हवेत माइक निम्म्या अंतरावर आणला की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. लॅपटॉप साठ सेंटिमीटरवर आणि इअरफोनचा माइक तोंडापासून पंधरा सेंटिमीटरवर, म्हणजे १२ डेसिबल हातचे मिळाले, तेही सळसळ एक कणही न वाढवता. खोलीचा पंखा, पत्र्याच्या छताचा घुमारा, बाहेरून जाणारी गाडी, सगळं त्या मानाने मागे पडतं. म्हणून मुलाखतीच्या आदल्या रात्री कुणी उपाय विचारला तर मी आधी वायरचा साधा इअरफोन लावायला सांगतो. खोलीतला गोंगाट त्याने थांबत नसेल तर ‘ईझीइफेक्ट्स’ हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. जाँ-मार्क व्हॅलाँ यांनी २०१७ मध्ये खुली केलेली ‘आरएनएनॉइज’ ही गोंगाट गाळणारी पद्धत त्यात बसवलेली आहे. पण गाळणी शेवटी लावायची. बूस्ट शून्यावर ठेवून गाळणी लावली तर ती गोंगाटाबरोबर शब्दही गिळते.

हे सगळं केडगावच्या संदर्भात लिहिताना तिथलं एक जुनं काम आठवल्याशिवाय राहत नाही. पंडिता रमाबाईंनी १८९८ मध्ये इथे मुक्ती सदन उभं केलं. दुष्काळात उघड्यावर पडलेल्या मुली-बायका तिथे छापखान्याचं काम शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्या बायकांनी जुळवलं आणि छापलं; ते पूर्ण होऊन बाहेर आलं १९२४ मध्ये, रमाबाई गेल्यानंतर दोन वर्षांनी. त्यांची मुलगी मनोरमा ब्रेल शिकून आली आणि तिने इथे अंध मुलींना लिहा-वाचायला शिकवलं. त्याच गावात आज एखाद्या अंध मुलीच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर ‘ऑर्का’ हा मुक्त वाचक तिला पडदा वाचून दाखवू शकतो, आणि ‘ईस्पीक’ मराठीतही बोलतो. तिला मात्र वर सांगितलेल्या पट्ट्या दिसणार नाहीत. तिच्यासाठी अल्सामिक्सरचं धाकटं भावंड ‘एमिक्सर’ सोयीचं: त्यात पट्टी नसते, पट्टीचं नाव आणि आकडा लिहून एंटर दाबलं की काम होतं, आणि उत्तर ओळीत येत असल्याने ते वाचून घेता येतं. ज्यांना कुणाला अशी मदत करायची संधी मिळेल त्यांनी हे लक्षात ठेवावं.

मराठीच्या दृष्टीनेही या क्षीण आवाजाचं नुकसान छोटं नाही. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअर शिकवणारे छोटे छोटे धडे मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. ते मराठीत बोलून रेकॉर्ड करणारी माणसं लागतात. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’मध्ये कुणीही आपल्या लॅपटॉपवरून मराठी वाक्यं वाचून दान करू शकतं, म्हणजे उद्या संगणकाला मराठी बोली समजेल. दिलेलं प्रत्येक वाक्य दुसरी माणसं ऐकून तपासतात, आणि ऐकूच न येणारं वाक्य बाद होतं. दौंड-शिरूरकडची बोली तिथे पोचायची असेल तर आधी ती ऐकू आली पाहिजे.

तेव्हा एक विनंती. तुमच्या लॅपटॉपचा माइक दुरुस्त झाला की चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा: मॉडेलचं नाव, साउंडच्या चिपचं नाव, लिनक्सची आवृत्ती, आणि बूस्ट-कॅप्चरचे जुळलेले आकडे. अल्साबरोबर ‘अल्सा-इन्फो’ नावाची छोटी स्क्रिप्ट येते. ती चालवली की चिपची सगळी माहिती एका फाइलमध्ये मिळते. नाही जमली दुरुस्ती, तरी ती फाइल तुमच्या लिनक्सच्या दोष-नोंदवहीत जोडून तक्रार घाला. मराठीमिश्रित मोडक्या इंग्रजीत लिहिली तरी चालते, कारण दुरुस्त करणारा वाचतो ती फाइल. गाभ्यातल्या त्या मॉडेलांच्या यादीत एकेक नाव असंच चढलेलं आहे.